घरची गाणी, घरचाच सर्व्हर: कॅसेट, सीडी, एमपीथ्री एका जागी आणून कुठूनही कशी ऐकावीत?

नंदगड_नाका

मंडळी, घरात गाण्यांचा पसारा झालाय, तो एका जागी आणायचा आहे. हिशेब असा:

कॅसेट १८०. बहुतेक सी-६०, दहा-वीस सी-९०. नाट्यपदं, अभंग, ख्याल, शिवाय कन्नड वचनं आणि दासपदं. काही विकतच्या, काही घरी भरलेल्या.
ऑडिओ सीडी ३०० च्या आसपास.
जुन्या हार्ड डिस्कवर ९० जीबी एमपीथ्री. नावं कशीही. काही देवनागरीत, काही इंग्रजी अक्षरांत, काही नुसतंच 'ट्रॅक ०१'.

घर खानापूर तालुक्यात. फायबर ५० एमबीपीएस आहे, पण पावसाळ्यात लाइट दिवसातून चारदा जाते. ऐकणारे घरात आई-बाबा, बेळगावात बहीण, पुण्यात भाऊ. खर्च १५ हजारांच्या आत. क्लाउडवर टाकू की घरी सर्व्हर करू? सांगा की वो कुणीतरी नीट.

तिसरं_गेट

क्लाउड की घर हे नंतर. आधी आकडे मांडू, निम्मे पर्याय आपोआप गळतील.

ऑडिओ सीडी म्हणजे १४११ केबीपीएस, मिनिटाला साधारण १०.६ एमबी. फ्लॅक केलं की एकही बिट न गमावता ती ५५ ते ६५ टक्क्यांवर येते. तासाभराच्या सीडीला ३५० ते ४१० एमबी, म्हणजे ३०० सीडींचे १०५ ते १२५ जीबी. कॅसेटी २४ बिटांत भरल्या तर त्यांचे १३० जीबी धरा. तुमचे ९० जीबी एमपीथ्री. सगळं मिळून ३५० जीबीच्या घरात. १ टीबीची एक डिस्क गाण्यांना, तेवढीच दुसरी बॅकअपला. विषय संपला.

आता क्लाउड. गूगल ड्राइव्हचे फुकट १५ जीबी मेल आणि फोटोंमध्ये वाटले जातात, त्यात फ्लॅक ४० तासही मावणार नाही. यूट्यूब म्युझिकवर स्वतःची १ लाख गाणी फुकट चढवता येतात, हा आकडा भुरळ पाडणारा आहे. पण तुमची अडचण जागेची नाही, नावांची आहे, आणि चढवलेल्या गाण्यांची नावं सुधारायला तिथे नीट हात घालता येत नाही. याच कंपनीने गूगल प्ले म्युझिक २०२० च्या डिसेंबरात बंद केलं, तेही ध्यानात असू द्या. ॲपलची सोयही १ लाख गाण्यांपर्यंत आहे. ती तुमचं गाणं आपल्या दुकानातल्या प्रतीशी जुळवते आणि २५६ केबीपीएसची प्रत ऐकवते. बाजारात मिळणाऱ्या सीडीला ठीक. घरी भरलेल्या मैफलीला तिथे जुळणारं काही असतच नाही. हा बॅकअप नव्हे, असं ॲपल स्वतःच सांगतं.

म्हणून घरी नॅविड्रोम. घरच्या यंत्रावरची गाणी फोनवर ऐकवणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे, अगदी हलकं, आणि सबसॉनिक नावाची जुनी रीत पाळतं. त्यामुळे ती रीत समजणारं कुठलंही ॲप त्याला जोडता येतं. अँड्रॉइडवर सिम्फोनियम (एकदाच पैसे) किंवा सबस्ट्रीमर (फुकट), आयफोनवर ॲम्परफाय, कॉम्प्युटरवर नुसतं ब्राउझर.

कित्तूर_रोड

जेलीफिन का नको? त्यात सिनेमेही चालतात.

तिसरं_गेट

सिनेमे असतील तर जेलीफिनच लावा. नुसत्या गाण्यांसाठी ते जड पडतं, आणि हजारो गाण्यांच्या यादीत नॅविड्रोमचा शोध जास्त चपळ वाटतो. दोन्ही एकाच फोल्डरवर चालवता येतात. एकाचं लग्न दुसऱ्याच्या आड येत नाही.

यंत्राचं सांगतो. दोन वाटा.

पहिली, ऑफिसातून निघालेला जुना मिनी पीसी. आय५, सहाव्या पिढीच्या पुढचा, ८ जीबी रॅम. नुसता बसलेला असताना १० वॅटच्या आसपास खातो. १० वॅट गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस म्हणजे महिन्याला ७.२ युनिट. त्याच्या बायॉसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगच्या पानावर) जाऊन 'वीज परत आल्यावर काय करायचं' या सेटिंगला 'चालू हो' असं करून ठेवा. नाहीतर दर वेळी लाइट आल्यावर कुणीतरी बटण दाबायला हवं.

दुसरी वाट रास्पबेरी पाय. वीज कमी, पण इथे लोक एकाच जागी फसतात, ती म्हणजे वीजपुरवठा. पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपियरचा चार्जर लागतो. ३ अँपियरचा लावला तर ते सगळ्या यूएसबी खाचांना मिळून ६०० मिलिअँपियरच देतं. फिरणारी अडीच इंची हार्ड डिस्क सुरू होताना १ अँपियरच्या जवळ मागते. मग टक-टक आवाज येतो, डिस्क मधेच निघून जाते, आणि माणूस नॅविड्रोमला शिव्या घालतो. पाय घ्यायचंच असेल तर एसएसडी लावा, किंवा स्वतःची वीज घेणारा यूएसबी हब. सगळा डेटाबेस एसडी कार्डावर ठेवू नका, लाइट गेल्यावर पहिलं कार्ड मरतं.

तुमच्या बजेटात मी मिनी पीसी आणि १ टीबी एसएसडी म्हणेन.

लोंढा_जंक्शन

लाइटीचं मी बोलतो. काका, घरी इन्व्हर्टर असेलच. त्याच्या मागे किंवा पुढे एक खटका असतो, 'यूपीएस' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल' असा. इकोवर असेल तर लाइट गेल्यावर बदलायला वेळ लावतंय, पंख्याला कळत न्हाई पण कॉम्प्युटर बंद पडतोय. खटका यूपीएसवर करा. तरी मिनी पीसी बंद पडतच असेल तर अडॅप्टर लेचापेचा आहे, किंवा बॅटरीत पाणी घालायचं राहिलंय.

राउटर आणि फायबरचा डबा बहुतेक १२ व्होल्टवर असतात. त्यांना १२ व्होल्टचा मिनी यूपीएस वेगळा मिळतो. डब्याच्या अडॅप्टरवर अँपियर किती ते वाचा, १ का दीड, दोन डबे असतील तर बेरीज करा, मग घ्या. मिनी पीसीला हा चालणार न्हाई, तो १९ व्होल्ट मागतो.

आणि लाइट गेली की गावातला फायबरचा जोडही कधी कधी बंद पडतो. तुमचं सगळं चालू, बाहेरचं बंद. त्याला इलाज एकच, ॲपमध्ये हवी ती गाणी आधीच उतरवून ठेवायची. पावसाळ्याची बेगमीच म्हणा की.

नंदगड_नाका

लोंढावाले, इन्व्हर्टर इकोवरच होता! केला यूपीएसवर. पुण्याहून भाऊ कसा ऐकणार ते सांगा. राउटरमध्ये पोर्ट उघडून बघितला, बाहेरून काही लागत न्हाई.

तिसरं_गेट

पोर्ट बंद करा आधी. लागणारही नाही बहुधा. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल, किंवा 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवर दिसणाऱ्या आकड्याशी जुळत नसेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एका सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरं. बाहेरून येणाऱ्याला तुमचं दार कुठलं ते कळायची सोयच नाही.

टेलस्केल लावा. लांबची यंत्रं एका खासगी जाळ्यात जोडणारा हा व्हीपीएन वायरगार्ड या तंत्रावर चालतो, घरगुती वापराला फुकट आहे. सर्व्हरवर एक, प्रत्येक फोनवर एक, सगळे एकमेकांना घरातल्यासारखे दिसतात. टेलस्केल स्वतःही १०० ने सुरू होणारे पत्ते देतं, ते बघून सीजीनॅट समजू नका. मग ॲपमध्ये पत्ता म्हणून सर्व्हरचा टेलस्केल आकडा आणि पोर्ट ४५३३.

चार गोष्टी नंतर छळतात, आत्ताच करून ठेवा.

टेलस्केलची किल्ली १८० दिवसांनी संपते. त्यांच्या ॲडमिन पानावर जाऊन फक्त सर्व्हरपुरती 'किल्ली संपणे बंद' करा. नाहीतर सहा महिन्यांनी एके सकाळी सगळ्यांचं एकदम बंद होईल आणि कारण सापडणार नाही.

अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो. भावाच्या फोनवर ऑफिसचा व्हीपीएन असेल तर गाणी किंवा ऑफिस, दोन्हींतलं एक.

भावाला आणि बहिणीला आपल्या खात्याचा पासवर्ड देऊ नका. त्यांनी आपापलं खातं काढावं, तुम्ही फक्त तो एक सर्व्हर त्यांच्याशी शेअर करा. नॅविड्रोममध्येही प्रत्येकाला वेगळा वापरकर्ता द्या, म्हणजे आवडत्या याद्या एकमेकांत मिसळत नाहीत.

फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये टेलस्केल आणि गाण्याचं ॲप या दोघांवरचं बंधन काढा.

निपाणी_तंबाखू

माझ्यात अगदी हेच होतंय. स्क्रीन बंद झाली की पाच-दहा मिनिटांत गाणं मधेच थांबालंय. बंधन काढलंय तरी.

तिसरं_गेट

फ्लॅक तसंच मोबाइल डेटावरून ऐकत असाल. फ्लॅक तासाला ४०० एमबी ओढतं. सिग्नल हलला की ॲपचा साठा संपतो. मोबाइल डेटासाठी ओपस (लहान फाईलचा एक प्रकार) १२८ केबीपीएस लावा, तासाला ५८ एमबी. सिम्फोनियममध्ये वायफायला वेगळं आणि मोबाइलला वेगळं ठरवता येतं. रूपांतर सर्व्हर तिथल्या तिथे करतो, मूळ फाईल तशीच राहते. त्यासाठी सर्व्हरवर एफएफएमपेग लागतं. डॉकरमधून (सॉफ्टवेअर लागणाऱ्या सगळ्या सामानासकट बंद डब्यात चालवायची सोय) लावलं असेल तर ते आतच असतं.

निपाणी_तंबाखू

लागलं. खानापूर घाटातलं माहीत नाही, पण तवंदी घाटात आता तुटत नाही.

टेपडेक

सर्व्हर आठवड्याने लावला तरी बिघडत नाही. टेप तोवर थांबेल याची खात्री नाही. खानापूर-जांबोटीच्या पावसात ठेवलेल्या कॅसेटी आहेत, तेव्हा माझ्या मते पहिलं काम हेच.

प्रत्येक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेपची कड बघा. पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट वाजवू नका. हेडला लागून पुढच्या सगळ्यांना लागते. वेगळ्या डब्यात, सगळ्यांत शेवटी.

चांगल्या कॅसेटीही लगेच वाजवू नका. एकदा शेवटपर्यंत पुढे, एकदा मागे, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे सुटतात. हेडसमोरची फेल्टची गादी बघा, तिचा गोंद वाळून ती पडलेली असते आणि मग आवाज दबका येतो. पाच स्क्रूवाली कॅसेट उघडून भंगारातल्या कॅसेटची गादी लावता येते. चिकटवलेली असेल तर शिवणीवर पातळ पातं घालून फोडा आणि टेप दुसऱ्या स्क्रूवाल्या डबीत घाला.

डेकचं हेड, कॅप्स्टनचा दांडा आणि रबरी रोलर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा. दर दहा कॅसेटींनंतर पुन्हा. अत्तर, सॅनिटायझर नको. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

आता जोडणी. लॅपटॉपची एकच खाच असते ती माइकची, ती मोनो असते आणि तिच्यात माइकसाठी थोडं व्होल्टेजही येतं. पन्नास रुपयांच्या हिरव्या यूएसबी डोंगलचंही तेच. डेकच्या लाइन-आउटमधून, लाइन-इन असलेल्या यूएसबी साउंड कार्डात जा. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. सगळ्यांत जोराच्या जागी मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा. तबल्याची तिहाई आणि टाळ्या यांवर ठरवा, आलापावर नको. लाल दिवा लागला तर तो भाग नंतर दुरुस्त होत नाही.

या मापाने मिनिटाला १७.३ एमबी होतात. सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटं, म्हणजे कच्चे ७७८ एमबी, फ्लॅकमध्ये ढोबळ ५००. टेपचा हिस्स आवाज दाबला जात नाही, म्हणून सीडीइतकी बचत होत नाही.

ॲझिमथकडे लोक बघतच नाहीत. ज्या डेकवर भरली आणि ज्यावर वाजतेय त्यांचं हेड किंचित तिरपं असेल तर वरच्या पट्टीतला आवाज बसतो, झांजा गोणपाटातून ऐकल्यासारख्या. हेडच्या बाजूला एक स्प्रिंगवाला स्क्रू असतो. आवाज मोनो करा आणि छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने पाव-पाव फेरा फिरवत झांज सगळ्यांत लख्ख येते तिथे थांबा. विकतच्या कॅसेटींना एकदा लावून पुष्कळदा सगळ्यांना चालतं. घरी भरलेल्यांना प्रत्येकीला बघावं लागतं. डॉल्बीचा खटका कॅसेटवर चिन्ह असेल तरच.

हिस्स काढायच्या नादी लागू नका. नॉइज रिडक्शन तंबोऱ्याचा झंकार आधी खातो. मूळ भरलेली फाईल न छाटता वेगळ्या फोल्डरात कायमची ठेवा, तुकडे आणि सफाई तिच्या प्रतीवर. गाण्याच्या सुरुवातीला कंट्रोल-बीने खूण करत जा आणि शेवटी एक्स्पोर्टमध्ये 'मल्टिपल फाइल्स' निवडून सगळी एकदम काढा.

तंबोरा_खर्ज

वेगाचं राहिलं, टेपडेक. पट्टा सैल झालेल्या डेकवर काळी दोनची पांढरी दोन होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. अर्धा स्वर म्हणजे वेगात जवळजवळ ६ टक्के फरक.

टेपडेक

बरोबर. उपाय असा, की जे ध्वनिमुद्रण सीडीवरही आहे त्याचीच विकतची कॅसेट वाजवा आणि दोन्हींचा षड्ज ट्यूनर ॲपवर बघा. एकच कॅसेट नको, तीन-चार. सगळ्या सारख्याच चढ्या असतील तर डेक दोषी. मोटरच्या मागच्या भोकात वेगाचा स्क्रू असतो. पट्टा आधी बदला, मगच स्क्रू.

घरी भरलेल्या टेपमध्ये विजेची घरघर मुद्रित झालेली असते, ती ५० हर्ट्झऐवजी ५२ दिसली तर टेप ४ टक्के जलद, असा एक कानमंत्र फिरतो. दोन अडचणी. तुमच्या आजच्या डेकची स्वतःची घरघरही ५० वरच असते, आणि पूर्वी विजेची वारंवारताच ५० ला चिकटून नसायची. अंदाजाला ठीक, पुरावा म्हणून नको.

तंबोरा_खर्ज

आता नावं. या धाग्यातलं सगळ्यांत वेळखाऊ काम हेच. नॅविड्रोम फोल्डर बघत नाही, फाईलच्या आतले टॅग, म्हणजे गायक, अल्बम, शीर्षक यांचे रकाने, बघतं. फोल्डर कितीही सुबक लावा, टॅग रिकामा असेल तर ते गाणं 'अज्ञात कलाकार' या अनाथाश्रमात जातं.

१. एका माणसाचं एकच नाव. कुमार गंधर्व, पं. कुमार गंधर्व, आणि इंग्रजी अक्षरांतले कुमार गंधर्व हे सर्व्हरच्या लेखी तीन गायक. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला माणूस, आपल्याच जिल्ह्याचा, आणि आपल्याच यादीत तीन ठिकाणी विखुरलेला. मल्लिकार्जुन मन्सूर तर मल्लिकार्जुन, मल्लीकार्जुन, मन्सूर, मनसूर यांच्या गुणाकाराने चार होतात आणि वचनांच्या सीडीवर कन्नड लिपीतले पाचवे. पंडित, बुवा, उस्ताद टॅगमध्ये नकोत. आदर मनात ठेवा.

२. दिसायला सारखं, आतून वेगळं. 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो. एक अखंड अक्षर, दुसरा 'अ' वर चंद्र चढवून. डोळ्यांना फरक नाही, सर्व्हरला आहे. 'ऱ्य' चंही तसंच. एक 'ऱ' या अक्षराने होतो, दुसरा साध्या 'र्' पुढे न दिसणारा जोडक घालून. एकच अल्बम दोनदा दिसतोय आणि नाव तर हुबेहूब सारखं, अशी तक्रार आली की नव्वद टक्के हेच. एमपीथ्रीटॅग या टॅग सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बदला' ही कृती करून ठेवा, दोन्ही जोड्या तिच्यात घाला, आणि सगळ्या संग्रहावरून एकदा फिरवा.

३. काही फायलींत नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसेल. ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये लिहिलेलं मराठी आहे. थोडं असेल तर हाताने लिहा. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर तो जुना आयडी३ पहिल्या आवृत्तीचा टॅग आहे, त्यात ३० अक्षरांची मर्यादा आणि देवनागरीला जागाच नाही. तो काढून टाका, दुसरी आवृत्ती ठेवा.

४. अल्बम आर्टिस्ट कधीच रिकामा सोडू नका. नाट्यपदांच्या संग्रहात आठ गायक असतील आणि हा रकाना रिकामा असेल, तर एका अल्बमचे आठ तुकडे. तिथे 'विविध कलाकार' घाला आणि 'संकलन' ही खूण करा.

५. राग कुठे लिहायचा? शुद्धतावादी नाक मुरडतील, पण मी जॉनरमध्ये लिहायला सांगेन. 'ख्याल; यमन'. अर्धविरामाने वेगळे केले की नॅविड्रोम दोन वेगळे जॉनर धरतं, आणि जॉनरने शोध जवळजवळ प्रत्येक ॲपमध्ये असतो. रागाचा वेगळा टॅग केला तर तो तुमच्याशिवाय कुणाला दिसणार नाही. शीर्षकात 'यमन, विलंबित एकताल' आणि बंदिशीचे पहिले दोन शब्द.

६. आई-बाबा देवनागरीत शोधतील, भाऊ इंग्रजी अक्षरांत. 'आर्टिस्ट सॉर्ट' आणि 'टायटल सॉर्ट' हे रकाने इंग्रजी अक्षरांत भरा. दिसतं देवनागरी, सापडतं दोन्हींनी. आधी पाच गाण्यांवर करून आपल्या ॲपमध्ये चालतं का बघा, मगच पाच हजारांवर.

विलंबित आणि द्रुत दोन ट्रॅकमध्ये तोडलेले असतील तर मध्ये खाच ऐकू येते. फ्लॅक आणि ओपसमध्ये ती नसते, ॲपमध्ये 'गॅपलेस' चालू असायला हवं एवढंच. एमपीथ्रीत कुणी, कशाने केलं यावर आहे.

कित्तूर_रोड

वाखूसा (वाचनखूण साठवली). सीडीच्या माहितीसाठी पिकार्ड (ऑनलाइन कोशातून टॅग भरणारं सॉफ्टवेअर) वापरलं तर हे सगळं आपोआप भरत नाही का?

तंबोरा_खर्ज

हिंदी-इंग्रजी सिनेमांच्या सीडींना भरतं. मराठी नाट्यसंगीत आणि कन्नड वचनांच्या सीडी तिथल्या कोशात फारशा नाहीत. सीडीच्या पाठीचा फोटो समोर ठेवून हातानेच. पण सीडी काढायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीच वापरा. ते प्रत्येक ट्रॅकची पडताळणी करतं, घरी लिहिलेल्या जुन्या सीडी-आरना तर ती हवीच.

नंदगड_नाका

एक गंमत झालीय. विंडोजवरून फायली सर्व्हरवर कॉपी करतोय, शंभरात चार-पाच गाणी 'नाव फार लांब' म्हणून राहतात. विंडोजवर तर बरोबर चालतात.

तिसरं_गेट

लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ८५ चिन्हं. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'ज्ञानेश्वर' एवढ्या शब्दातच १० चिन्हं, ३० बाइट. विंडोज बाइट न मोजता चिन्हं मोजतं, म्हणून तिथे २५५ चिन्हं मावतात. फाईलचं नाव 'ट्रॅक क्रमांक आणि पहिले तीन शब्द' एवढंच ठेवा, बाकी सगळं टॅगमध्ये.

सर्व्हरची डिस्क ईएक्सटी४ च करा, एक्सफॅट नको. एक्सफॅटला जर्नल (बदलांची नोंदवही) नाही, लिहिता लिहिता लाइट गेली तर फोल्डरच गायब होऊ शकतो.

अजून एक, बाहेरची डिस्क आणि डॉकर वापरणाऱ्यांसाठी. लाइट आल्यावर सर्व्हर उठतो, पण डिस्क उशिरा जागी होते. डॉकरला गाण्यांचा फोल्डर रिकामा दिसतो आणि नंतर डिस्क लागली तरी तो कंटेनर, म्हणजे डॉकरचा डबा, रिकामाच बघत बसतो, पुन्हा सुरू करेपर्यंत. सकाळी सगळी गाणी गायब, घरात बोंबाबोंब, आणि डिस्क तर व्यवस्थित. डॉकरच्या सेवेला 'ही डिस्क लागल्याशिवाय उठू नको' अशी अट घाला. आणि गाण्यांचा फोल्डर नॅविड्रोमला फक्त वाचण्यापुरता द्या.

शहापूर_मागवाला

बॅकअपचं कुणीच बोलेना म्हणून आलो.

आरसिंक या प्रत काढणाऱ्या आज्ञेला 'डिलीट' (मुळात नाही ते प्रतीतूनही पुसा) लावून रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर प्रत, असं सगळे करतात. वर सांगितलं तसं एखाद्या रात्री मूळ डिस्क लागलीच नाही, तर आरसिंकला मूळ रिकामं दिसतं आणि ते इमानदारीने प्रतही रिकामी करतं. मूळ डिस्कच्या मुळाशी एक छोटी खूणफाईल ठेवा, ती दिसली तरच स्क्रिप्ट पुढे जाईल. शिवाय 'मॅक्स-डिलीट ५०' घाला, म्हणजे पन्नासहून जास्त फायली ते पुसणार नाही. त्याहून बरं म्हणजे रेस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर, जुन्या तारखांच्या प्रती राहतात. टॅग बदलताना एखादा चुकीचा 'बदला' पाच हजार फायलींवर फिरला, तर आरसिंकची प्रतही तितकीच चुकलेली असते.

दोन यंत्रांवरचे फोल्डर सारखे ठेवणारं सिंकथिंग म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं.

तिसरी प्रत घराबाहेर. नेटवर पाठवायची तर आरक्लोनने कुलूप लावून पाठवा. ३५० जीबीला १० एमबीपीएस अपलोडने सव्वातीन दिवस लागतात, वेगाला मर्यादा घाला नाहीतर घरातल्यांचं नेट बंद. नाहीतर सरळ दुसरी डिस्क बहिणीकडे बेळगावात ठेवा आणि गणपतीला, दिवाळीला अदलाबदल करा. वीज कोसळली तर एका घरातल्या दोन्ही डिस्क एकदम जातात, दोन गावांतल्या नाही.

नॅविड्रोमचा डेटा फोल्डरही बॅकअपात घ्या. गाणी परत येतील, आई-बाबांनी जमवलेल्या याद्या त्यातच असतात.

आणि वर्षातून एकदा सगळ्या फ्लॅकवर पडताळणी चालवा. प्रत्येक फ्लॅकच्या पोटात मूळ आवाजाचा एमडी५ ठसा असतो, डिस्कने एखादा बिट खाल्ला तर ती फाईल नेमकी कळते. एमपीथ्रीत ही सोय नाही.

कित्तूर_रोड

गावच्या भजनी मंडळालाही याचं लॉगिन दिलं तर? अभंगच तर आहेत.

शहापूर_मागवाला

अभंग तुकोबांचा, ध्वनिमुद्रण कंपनीचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण आहे. १९६४ ला आलेलं २०२४ अखेर मोकळं झालं, १९८० चं नाही. चाल बांधणाऱ्याचा हक्क वेगळा, तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. कलम ५२ खासगी वापराला वाव देतं, भजनी मंडळाला लॉगिन वाटणं त्यात बसवणं कठीण. मंडळाने स्वतः गायलेलं भरून घ्या आणि त्याचा वेगळा वापरकर्ता काढा, त्याला कुणाची आडकाठी नाही.

नंदगड_नाका

सगळ्यांचे आभार, विशेषतः तंबोरा यांनी ताप दिल्याबद्दल. ठरवलंय ते असं. मिनी पीसी, १ टीबी एसएसडी, बॅकअपची डिस्क बहिणीकडे. आधी कॅसेटी, तोवर रात्री सीडी. उद्या डेकचा पट्टा बदलून घेतो आणि सुरुवात घरी भरलेल्या मैफलींपासून करतो, त्या दुसरीकडे कुठेच मिळणार न्हाईत.

टेपडेक

काका, उद्या डेकला हात लावायच्या आधी एक काम. घरी भरलेल्या कॅसेटींच्या वरच्या कडेला दोन्ही कोपऱ्यांत प्लास्टिकच्या छोट्या जिभा असतात. टेपची उघडी बाजू खाली आणि 'ए' बाजू आपल्याकडे धरली, तर डावीकडची जीभ 'ए' ची, उजवीकडची 'बी' ची. दोन्ही स्क्रू-ड्रायव्हरने मोडून टाका, मग प्लेऐवजी चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी ते खाली जात नाही. कुणी त्या खाचेवर सेलोटेप लावलेली असेल तर तीही काढा. विकतच्यांना जीभ नसतेच.